दोनदा गुलाबी झालेलं बाळ

१

बाळ पहाटे गेलं, आणि दुपार व्हायच्या आत त्याचं रक्तही गेलं.

बोटभर लांबीची, जांभळ्या बुचाची काचेची नळी. सांगलीतल्या डॉक्टर साईराजांच्या बालरुग्णालयात, औषधांच्या फ्रीजमध्ये, वरच्या कप्प्यात ठेवलेली. बाळाच्या माणसांनी दवाखान्याच्या काचा फोडल्या, खुर्च्या उलथ्या केल्या, गणपतीची तसबीरसुद्धा खाली आली. फ्रीजवर मात्र ओरखडा नव्हता. तरी नळी तेवढी नव्हती.

राजेश्वरीबाईंना हे कळलं ते पोलीस ठाण्यात. त्यांची भाडेकरू अंकिता तिथल्या बाकड्यावर बसली होती. अंगावर अजून रात्रपाळीचा पांढरा गणवेश, आणि डाव्या गालावर चार बोटांचे वळ.

"कुणी मारलं?"

"बाळाच्या आजोबांनी. आप्पासोंनी." अंकिता खालीच बघत होती. "सगळ्यांदेखत मारलं, काकू. माणदेशातली मेंढरं हाकणारी पोरगी आमच्या वारसाला औषध पाजती व्हय, म्हणले."

राजेश्वरीबाईंच्या कानशिलाची शीर उडायला लागली. सत्तरी गाठली तरी ती शीर काही म्हातारी झाली नव्हती. त्या फौजदार झाल्या तेव्हा बाईच्या अंगावर खाकी बघायला लोक बाजार सोडून यायचे, आणि त्यांनी कुणाला दम भरला की शाबासकी द्यायच्या ऐवजी हसायचे. त्या हसण्यानं ही शीर पहिल्यांदा उडाली होती.

समोरच्या टेबलाशी बसलेला धनाजी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. आता तो इथला साहेब होता. त्यांना बघून तो उठून उभा राहिला, पण नजर चुकवत.

"बस, धनाजी. पोरीनं केलंय काय?"

"मॅडम, दोन गोष्टी आहेत. बाळ जन्मलं त्या रात्री वीज गेली, जनरेटर वेळेवर चालू झाला नाही, फ्रीज बंद पडला. त्यातली खराब झालेली औषधं हिनं काढून दिली आणि बाळ दगावलं, असं घरच्यांचं म्हणणं. दुसरं, बाळाचं रक्त तपासायला ठेवलं होतं. तेही गायब. फ्रीजची किल्ली हिच्या कमरेला. पुरावा नको म्हणून हिनंच टाकून दिलं, म्हणतात."

"तुला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? आप्पासो कारखान्याचे संचालक. बाहेर दोन ट्रॉल्या माणसं उभी आहेत. तुमच्या शब्दावर हिला आज घरी सोडतो, पण उद्या सकाळी गुन्हा नोंदवावा लागणार."

अंकितानं मान वर केली. "गुन्हा नोंदला की माझं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन जाईल, काकू. दहिवडीस्नं आबांनी कळप विकून मला शिकवलीय. मी न्हाई केलं काही."

"ठाऊक आहे मला," राजेश्वरीबाई म्हणाल्या. ठाऊक काहीच नव्हतं. हातात फक्त उद्याची सकाळ होती.

२

डॉक्टर साईराजांचा दवाखाना म्हणजे पूर्वीची हळदीची वखार. राजेश्वरीबाई नव्यानं सांगलीत आल्या तेव्हा या गल्लीत हमालांचे पायसुद्धा पिवळे असायचे. आता भिंतींना आकाशी रंग होता, आणि जमिनीवर काचांचा खच.

डॉक्टर चाळिशीचे. हाताला पट्टी बांधलेली. बोलताना सारखे दाराकडे बघत होते.

"बाळ पूर्ण दिवसांचं होतं, वजन चांगलं. जन्मल्यावर रडलंसुद्धा. पण काही तासांत श्वास लागला, निळं पडायला लागलं. मी व्हेंटिलेटरवर घेतलं."

"आणि ते औषध?"

"सर्फॅक्टंट. बाई, फुप्फुसात बारीक बारीक फुगे असतात. भिजलेली प्लास्टिकची पिशवी कशी आतून चिकटते आणि उघडता उघडत नाही, तसे ते फुगे चिकटू नयेत म्हणून शरीर आत एक फेसासारखा थर तयार करतं. कमी दिवसांच्या बाळांत तो तयार झालेला नसतो, म्हणून आपण औषध म्हणून तो नळीतून फुप्फुसात सोडतो."

"पण हे तर पूर्ण दिवसांचं होतं."

"हो." डॉक्टरांनी फुटलेल्या काचेकडे बघितलं.

"किती वेळा सोडलंत?"

"दोनदा. पहिल्यांदा वीज गेली त्या रात्रीनंतर, सकाळी. दुसऱ्यांदा आणखी एका दिवसानं. दोन्ही बाटल्या त्याच फ्रीजमधल्या."

"सोडल्यावर काय झालं?"

"सोडल्यावर..." डॉक्टर अडखळले. "सोडल्यावर सुधारलं. ओठ गुलाबी झाले. आईला बोलावून दाखवलं मी. मग काही तासांनी पुन्हा निळं पडलं."

"आणि दुसऱ्यांदा?"

"तसंच. पुन्हा गुलाबी, पुन्हा निळं."

राजेश्वरीबाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. आवाज अजून खालीच होता, पण धनाजी असता तर त्यानं ओळखलं असतं आणि तो मागं सरला असता.

"डॉक्टर, मी काही शास्त्र शिकलेली नाही. पण माझ्या दिव्यातलं तेल खराब असेल तर दिवा पेटणारच नाही. दोनदा पेटला आणि दोनदा विझला, म्हणजे तेल चांगलं होतं. ते कुठंतरी संपत होतं आणि घरचं तेल येतच नव्हतं. बरोबर?"

डॉक्टरांनी हातावरची पट्टी चाचपली.

"औषध खराब नव्हतं, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी त्या पोरीच्या तोंडात मारलं तेव्हा तुम्ही शेजारी उभे होतात!"

"बाई, त्यांनी दवाखाना पेटवला असता. आत आणखी सहा बाळं होती."

"सहा बाळांच्या आडून स्वतःला झाकू नका. 'औषध चांगलं होतं' हे तीन शब्द म्हणायला पेटवापेटवी होत नाही."

 मग डॉक्टरांनी हळूहळू सांगितलं. त्या फेसात एक प्रथिन असतं, फेस पसरवून धरणारं. ते कसं बनवायचं याची शरीराकडे एक जनुकीय कृती असते; तिच्या दोन प्रती, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक प्रत खराब असली तर माणसाला काहीच होत नाही, धडधाकट जगतो, त्याला पत्ताही लागत नाही. पण बाळाला दोन्हीकडून खराबच प्रत मिळाली, तर ते प्रथिन बनतच नाही. मग बाहेरून दिलेलं औषध टिकतं तेवढाच वेळ बाळ गुलाबी. जगात कुठंच अजून त्यावर औषध नाही. फुप्फुस बदलणं सोडलं तर.

"म्हणून रक्त ठेवलं होतं. हैदराबादला पाठवणार होतो. ते रक्त म्हणजेच अंकिताची सुटका होती. आता मी बोललो तर लोक म्हणणार, डॉक्टर स्वतःला वाचवतोय."

"हे रक्त कशासाठी आहे, ते कुणाकुणाला सांगितलं होतं?"

"आदल्या संध्याकाळी, बाळाला ठेवलं होतं त्या काचेच्या पेटीपाशी. बाळाचे वडील वीरधवल होते. त्यांची आई सुलाबाई. आणि बाळाच्या आईचे वडील, फौजेतले निवृत्त हवालदार गुंडा. मी म्हटलं, घराण्यात काही दोष आहे का, ते यातून कळेल."

राजेश्वरीबाई उठल्या. म्हणजे पोरीला अडकवायला कुणी ते रक्त नेलं नव्हतं. त्या रक्तात काय निघणार हे ज्याला आधीच ठाऊक होतं, त्यानं ते नेलं होतं.

३

फ्रीजच्या खोलीत रंगूबाई काचा गोळा करत होती. वॉर्डात सगळे तिला मावशी म्हणत.

"आवं, पोलिसांनी इचारलं, मी सांगितलं, कुणीच गेलं न्हाई आत. परत परत काय इचारता?"

"मी पोलीस नाही आता. रिटायर झाले."

"मग तर अजिबात इचारू नका," असं म्हणत मावशीनं केरसुणी टेकवली आणि बोलायला सोयीचं म्हणून स्टुलावर बसली. "डाक्टर गेले. अंकिताबाई गेल्या. पेटीतल्या बाळांच्या आया वाटीतनं दूध ठिवाय येत्यात, त्या आल्या गेल्या. बाकी माणूस न्हाई."

"किल्ली?"

"किल्ली रातच्याला अंकिताबाईंच्या कमरेला. दिवसा दूध ठिवाय-काढायला कोण सारखं मागणार? ह्या खिळ्यालाच असती."

राजेश्वरीबाईंनी फ्रीज उघडला. वर औषधं, खाली स्टीलच्या झाकणाच्या वाट्या, प्रत्येक वाटीला पांढरी चिकटपट्टी आणि तिच्यावर आईचं नाव. बाळाला अंगावर घेता येत नाही म्हणून आया दूध काढून ठेवतात, आणि सिस्टर ते नळीनं पाजतात. शेवटच्या रांगेत गेलेल्या बाळाच्या आईची वाटी होती. 'प्रांजल.'

"ही अजून इथंच?"

"कोण फेकणार? माझा हात हुईना."

राजेश्वरीबाईंनी झाकण उचललं. दूध तसंच होतं. वर जाड, पिवळसर साय धरली होती, काठाला सुरकुतलेली.  गेलेल्या लेकराचं दूध बघवेना. त्यांनी झाकण ठेवून दिलं आणि फ्रीज लावला.

दार लावलं, आणि मनात काहीतरी खटकलं. पण काय ते कळेना. असं खटकलं की त्यांना स्वतःचाच राग यायचा.

"मावशी, अंकिताबद्दल तुमचं काय मत?"

"पोरगी तोंडानं फटकळ हाय," मावशी म्हणाली. "पर पेटीतलं लेकरू दचकलं तर ही जेवत्या ताटावनं उठती. खराब औषध देईल व्हय ती? त्या आप्प्याला माझ्या पायताणानं..." ती थांबली. "तुमी रिटायर हाईसा न्हवं नक्की?"

४

वाळव्याकडच्या आप्पासोंच्या गावात राजेश्वरीबाई पोचल्या तेव्हा उन्हं उतरली होती. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, आणि उसाच्या मधोमध आप्पासोंचा दुमजली बंगला. ओट्यावर माणसं गुपचूप बसली होती. बाळाला दुपारीच मळ्यात पुरून आले होते.

आप्पासोंनी त्यांना उंबऱ्यावरच अडवलं.

"फौजदारीणबाई, त्या पोरीची वकिली कराय आला असाल तर चहा पिऊन जावा. लेकरू गेलंय आमचं."

"त्यासाठीच भेटायला आले. आईला."

"आई काय सांगणार? झोपलीय ती."

"मग झोपलेली बघून जाते," म्हणत त्या आत शिरल्या. बाईमाणसाला धरून बाहेर काढायची हिंमत आप्पासोंना झाली नाही. ओट्यावर गाव बसलं होतं.

सोप्यात वीरधवल भिंतीला टेकून होता. दाढी वाढलेली. विचारलं तेवढ्याचीच उत्तरं. रक्ताचं डॉक्टरांनी सांगितलं होतं का? व्हय. तू नेलंस का? तो हसल्यासारखा झाला.

"मी कशाला न्हेऊ? मला तर कळाय पायजे हुतं. तवापास्नं एकच इचारतोय, झालं काय त्याला. कुणी सांगंना."

शेजारी खुर्चीत ताठ बसलेला माणूस म्हणजे हवालदार गुंडा, प्रांजलचा बाप. पिळदार मिशा, पट्ट्यात खोचलेला पांढरा शर्ट. "मॅडम, फौजेत अशा सिस्टरचं कोर्ट मार्शल होतं," तो म्हणाला. "ड्यूटी म्हणजे ड्यूटी." एवढं म्हणून त्यानं खिडकीकडं तोंड फिरवलं. डोळे भरले होते, ते लपवायला. पण खिडकीतल्या उन्हात दुसरंच दिसलं. उजव्या नाकपुडीवर एक बारीक खळगा. जुनं, बुजत आलेलं भोक.

"हवालदार, नाक टोचलं होतं का तुमचं?"

गुंडा ओशाळला. "आईनं लहानपणी, औंधाकडं वाडीवर. नवस का काय असंल. रेजिमेंटमदी लय टिंगल झाली त्याच्यावनं."

"नवस वगैरे काय न्हाई," सुलाबाई एकदम म्हणाल्या. त्या चुलीच्या खोलीच्या दारात उभ्या होत्या, पदर खांद्यावरून घट्ट ओढलेला. वीरधवलची आई, आणि गुंडाची थोरली बहीण. म्हणजे प्रांजल त्यांच्या सख्ख्या भावाची मुलगी. मामाच्या पोरीवरचा हक्क सोडायचा नाही म्हणून ही सोयरीक झालेली. "हौस म्हणून टोचत्यात पोरांची नाकं. आन बाई, एक सांगते. आमच्या घरात असलं कवाच घडलं न्हाई. हिकडं न्हाई, का माझ्या म्हायारी न्हाई. ह्ये त्या पोरीच्या हातानं झालं."

कुणी माहेराचं विचारलंच नव्हतं.

आतल्या खोलीत प्रांजल कुशीवर पडली होती. छातीला घट्ट फडकं बांधलेलं, त्यात मोगऱ्याची फुलं. दूध आटावं म्हणून. राजेश्वरीबाई शेजारी जमिनीवर बसल्या.

"दुखतंय?"

"लय. बाळ गेल्यापास्नं कुणी दूध काढूच देत न्हाईत. आत्या म्हणल्या, काढलं तर परत भरतं." तिनं त्यांचा हात धरला. "काकू, मी त्याला दोनदा गुलाबी झालेला बघितला. अंकिता सिस्टरनं मला हाताला धरून न्हेलं, म्हणाली, बघा, कसे हात हलवतोय. ती मारंल व्हय त्याला? मी सांगाय लागले तर मामंजी म्हणले, तू गप."

राजेश्वरीबाईंचा हात तिच्या हातात तसाच राहिला. आत्ता त्यांना कळलं होतं, फ्रीज लावताना काय खटकलं ते.

५

परतीच्या एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली. बाहेर ऊसतोड चालली होती, धुरळा आत येत होता, पण राजेश्वरीबाई सांगलीच्या रस्त्यावर नव्हत्याच. त्या औंधला होत्या. नऊ-दहा वर्षांच्या.

वडील तिथं शाळेत मास्तर. यमाईच्या डोंगराखाली त्यांचं घर. एके दिवशी शाळा सुटून येताना रस्त्यावर गर्दी दिसली. मधोमध एक बाई चालली होती, डोक्याचे केस कातरलेले, अर्धवट, कात्रीनं नव्हे, विळ्यानं कापल्यासारखे. डोक्यावर गाठोडं. ती हौसा सुईण. पंचक्रोशीतली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली, खुद्द राजेश्वरीसुद्धा. माणसं मागून माती फेकत होती. "हिच्या हाताला विख हाय!" शेजारच्या वाडीत एका घरात तिनं तिसरं बाळंतपण केलं होतं. तिन्ही बाळं पूर्ण दिवसांची, तिन्ही जन्मल्यावर रडलेली. आणि तिन्ही निळी पडून गेली.

हौसा कुठं गेली, जगली की मेली, कुणी विचारलं नाही. घरी येऊन राजेश्वरीनं आईला विचारलं, तर आई म्हणाली, "तू जेव."

वर्ष-दीड वर्षानं त्याच घरात मुलगा झाला आणि जगला. त्याचा केवढा सोहळा! दृष्ट लागू नये, देवानं हे आपलं माणूस म्हणून उचलू नये, म्हणून त्याला सुपात घालून शेजारणीला 'विकलं', तिच्याकडून मूठभर जोंधळ्याला परत 'विकत घेतलं', मुलीसारखं नाक टोचलं, आणि नाव ठेवलं गुंडा. दगड. दगडाला कोण नेतं? यमाईपुढं गूळ वाटला होता. राजेश्वरीनंही खाल्ला होता. आणि त्या घरची सहा-सात वर्षांची मुलगी, त्या बाळाची थोरली बहीण, परकर सावरत सगळ्यांना गूळ देत होती.

नाक हौसेनं टोचत नाहीत. आधीची लेकरं पुरल्याशिवाय मुलग्याचं नाक कुणी टोचत नाही.

गाडी थांब्यावर उभी राहिली तसा त्यांनी फोन काढला.

"मावशी, रंगूबाई, एकच सांगा. प्रांजलच्या नावाची वाटी फ्रीजमध्ये कुणी ठेवली?"

"तिच्या सासूनं. रोज तीच आणायची."

"शेवटची वाटी कधी ठेवली?"

"आज. ते काचा फोडून झाल्या, अंकिताबाईंना पोलिसांनी गाडीत घातलं, त्याच्या मागनं. मी म्हणलं, आजी..." पलीकडं केरसुणी पडल्याचा आवाज झाला. "आगाईगं. आवं, लेकरू तर पहाटंच गेल्तं."

६

सकाळी ठाण्यात सगळे होते. आप्पासो माणसं घेऊन आले होते. वीरधवल, गुंडा, सुलाबाई. आणि कुणी नको म्हणत असताना हट्टानं गाडीत येऊन बसलेली प्रांजल. भिंतीशी डॉक्टर साईराज आणि रंगूबाई. बाकड्यावर अंकिता. धनाजीच्या टेबलावर राजेश्वरीबाईंनी दवाखान्यातून आणलेली स्टीलची वाटी ठेवली आणि झाकण काढलं.

"ही वाटी बघा. बायकांनी बघा. पुरुषांना नाही कळायचं."

रंगूबाई पुढं वाकली आणि तिनं तोंडाला पदर लावला.

"साय," ती म्हणाली.

"साय. आईच्या अंगावरच्या दुधाला अशी साय धरते होय? हे तापवलेलं म्हशीचं दूध आहे. दवाखान्यासमोरच्या चहाच्या टपरीवरचं; सकाळी टपरीवाल्याला विचारून आले. बाळ पहाटे गेलं, त्यानंतर प्रांजलचं दूध कुणी काढलंच नाही, तीच सांगते. आणि बाळ गेल्यावर त्याच्यासाठी दूध ठेवायला कोण जाईल? फ्रीज उघडायला निमित्त हवं होतं तोच जाईल. रोज वाटी घेऊन येणाऱ्या माणसाकडं कुणी बघत नाही. सुलाबाई, खरं ना?"

सुलाबाईंचा चेहरा पिठासारखा झाला होता.

"काय बोलतीस तू, म्हातारे?" आप्पासो ओरडले. "हिनं कशाला घ्यावं रक्त?"

"कारण त्यात काय निघणार, हे इथं एकट्या हिलाच ठाऊक होतं. डॉक्टर, काल बोलायचं राहिलं ते आज बोला."

आणि डॉक्टर बोलले. खाली मान घालून सुरुवात केली, पण शेवटपर्यंत बोलले. औषध चांगलं होतं, बाळ दोनदा गुलाबी झालं तोच त्याचा पुरावा. अंकितानं काही चुकीचं केलं नाही. हा दोष दोन्हीकडून यावा लागतो, आणि नात्यात लग्न झालं की दोन्हीकडं तीच खराब प्रत असायचा संभव वाढतो.

"औंधजवळच्या वाडीत," राजेश्वरीबाई म्हणाल्या, "यांच्या आईची तीन बाळं अशीच गेली. मी त्याच गावची. गुंडा हवालदार, तुमच्या आधीची तीन. म्हणून तुमचं नाक टोचलं, म्हणून तुम्ही दगड. तुमच्या बहिणीनं तेव्हा गूळ वाटलाय मला. आणि त्या तीन बाळांपायी हौसा सुईणीचे केस कापून तिला हाकलली. तेच काल चाललं होतं. फक्त सुईणीच्या जागी सिस्टर."

गुंडानं नाकपुडीला हात लावला, पहिल्यांदाच स्पर्श केल्यासारखा. "आक्का?" तो म्हणाला. "खरं हाय ह्ये? मला कवा सांगितलं न्हाईस गं."

सुलाबाई खाली बसल्या. फरशीवरच.

"काय सांगू? लगीन होऊन आले तवापास्नं ह्या घरात माझ्या म्हायारचं मीठसुदीक आळणी. भाजी करपली तरी म्हायारचं वळण. आन आमच्या रक्तात लेकरं मरायचं हाय म्हणून सांगू? वीरूसाठी मामाची पोरगी ह्यांनीच मागितली. हक्क हाय म्हणले. मी दोन दिस जेवले न्हाई. पर न्हाई कशाला म्हणती, असं इचारलं असतं तर सांगणार काय हुते? म्हणलं, एवढ्या वर्सानं कुठलं काय... आन मग त्यो निळा पडला. बघताक्षणी कळलं मला. मला आमच्या आईची पोरं दिसली."

"नळी कुठं आहे, सुलाबाई?"

"त्याच्या मुठीत ठिवली. पुरताना." त्यांनी तोंड झाकलं. "त्याचं हुतं ते. फेकाय हात झाला न्हाई."

 मग आप्पासोंना वाचा फुटली.

"म्हंजे तुझ्या म्हायारची खोट! तुझ्या घराण्यानं माझा वंश—"

"गप!" राजेश्वरीबाईंनी टेबलावर हात आपटला तशी वाटी उडाली आणि दूध सांडलं. तीस वर्षांची नोकरी, सत्तर वर्षांचं वय, हौसाची माती लागलेली पाठ, सगळं त्या एका शब्दात होतं. "हे एक वाक्य ऐकायला लागू नये म्हणून या बाईनं एका निरपराध पोरीचा जीव पणाला लावला! आणि तुम्ही तेच म्हणता? सोयरीक कुणी मागितली? हक्क कुणी सांगितला? धनाजी, गुन्हा आजच नोंदवायचा आहे ना? नोंदव. दवाखान्याची मोडतोड आणि ड्यूटीवरच्या नर्सला मारहाण. त्याला वेगळा कायदा आहे, तुला मीच शिकवलाय. साक्षीदार रंगूबाई."

"लय खुशीनं," रंगूबाई म्हणाली.

धनाजीनं आप्पासोंकडं बघितलं, बाहेरच्या ट्रॉल्यांकडं बघितलं, मग राजेश्वरीबाईंच्या कानशिलाकडं. आणि त्यानं पेन उचललं.

"पण रक्त तर मातीत गेलं," वीरधवल हळूच म्हणाला. "आता नक्की कसं कळणार?"

"तुम्ही दोघं आहात ना," डॉक्टर म्हणाले. "त्याला जे मिळालं ते तुमच्याकडूनच. तुमच्या रक्तात ते दिसेल. पुढच्या वेळी दिवस राहिले तर आधीच तपासताही येईल. पण तुमची मर्जी असेल तरच."

आप्पासो काही बोलणार तेवढ्यात प्रांजल पुढं झाली. तिनं पदर सावरला, कोपरापर्यंत बाही वर केली, आणि सासऱ्यांच्या समोरून चालत जाऊन बाकड्यापाशी थांबली.

"माझं घ्या. आन सिस्टर, तुमीच घ्या. दुसऱ्या कुणाला हात लावू देणार न्हाई मी."

दवाखान्यात दुपारपर्यंत काचा झाडून झाल्या होत्या. अंकितानं चेहरा धुतला होता, गालावरचे वळ मात्र निळे पडले होते. तिनं प्रांजलचं रक्त काढलं, मग वीरधवलचं. गुंडा हवालदार बाही वर करून परेडला उभा असल्यासारखा उभा राहिला आणि सुई टोचताना रडला. फ्रीजची किल्ली या वेळी तिनं स्वतःच्या कमरेला लावली, दिवसासुद्धा.

राजेश्वरीबाई स्टुलावर बसून बघत होत्या. निकाल यायला काही आठवडे लागणार होते. त्यात काय येणार याची त्यांना शंका नव्हती. शंका एकच होती, आणि तिचा तपास आता कधीच लागणार नव्हता: डोक्यावर गाठोडं घेऊन हौसा त्या दिवशी डोंगरापलीकडं कुठं गेली? तिच्यासाठी कुणी टेबलावर हात आपटला नाही. तिच्या वेळी गावातल्या सगळ्यांनी गूळ खाल्ला.

शेवटी दारात सुलाबाई आल्या. आत यावं की नाही, अशा उभ्या. मग येऊन खुर्चीत बसल्या आणि सुरकुतलेला हात पुढं केला.

"पोरी, लय वंगाळ वागले मी तुझ्याशी. तुज्या पाया पडते. मला माफ कर, बाई."

अंकितानं रबराचा पट्टा त्यांच्या दंडाला घट्ट आवळला. कापसानं शीर पुसली. एकदा त्यांच्या डोळ्यांत बघितलं.

"मूठ आवळा, आजी," ती म्हणाली.